पक्षाघातातून सावरणाऱ्या नवऱ्याला आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

शब्दसावली

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज तो दुपारचा झोपलाय, म्हणून बसले.

माझ्या नवऱ्याला पाच महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. वय ६१. मधुमेह आणि रक्तदाब जुनेच. दोन वर्षांपूर्वी एट्रियल फिब्रिलेशन निघालं होतं, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित. त्याला फारसा त्रास नव्हता. कधीतरी छातीत फडफडल्यासारखं व्हायचं, जिना चढताना दम लागायचा, इतकंच. गुठळी होऊ नये म्हणून ॲपिक्साबॅनची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती. आठवड्याच्या औषधांची डबी मी भरायचे.

मग दाढ काढायची ठरली. दोन दिवस ही गोळी घेऊ नका असं तिथे सांगितलं. दोन दिवस झाले तरी हिरडीतून थोडं थोडं रक्त येत होतं. तो म्हणाला, अजून जरा थांबू. मी बरं म्हटलं. ज्यांनी गोळी सुरू केली होती त्या डॉक्टरांना फोन केला नाही. पुढच्या आठवड्याची डबी भरताना ती पट्टी बाजूला ठेवली, ती बाजूलाच राहिली.

अकराव्या दिवशी सकाळी तो शर्टाची बटणं लावत माझ्याशी बोलत होता. उजव्या हातातून बटण सुटलं. परत धरलं, परत सुटलं. मान वर करून काहीतरी म्हणाला, पण ते शब्दच नव्हते. तोंडाची उजवी बाजू ओघळली होती. मला वाटलं साखर उतरली. साखर तपासली, पाणी पाजायला गेले, ते सगळं बाहेर सांडलं. यात अर्धा तास गेला. रुग्णालयात पोचेपर्यंत दीड तास. तिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, आणि नंतर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढली.

आता तो काठी घेऊन चालतो. उजव्या हाताची बोटं जेमतेम मिटतात. समजतं जवळजवळ सगळं, पण शब्द अडतात. ‘हो’ म्हणायचं असतं तिथे ‘नाही’ येतं, आणि चुकल्याचं त्याला लगेच कळतं, हे बघणं सगळ्यात अवघड जातं. मी त्याची वाक्यं पुरी करते. त्याला बटणं लावते, त्याला भेटायला आलेल्यांशी मीच बोलते. मागच्या आठवड्यात असेच दोघेजण आले होते, ‘आता कसं वाटतंय?’ असं त्याला विचारलं आणि उत्तर मी दिलं. त्याने हातातला पेला भिंतीवर फेकला. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याने कधी काही फेकलेलं नाही.

रात्री मी त्याच्या मनगटावर बोटं ठेवून पडते आणि ठोके मोजते. झोप लागत नाही. ती पट्टी डोळ्यांसमोरून जात नाही.

ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांनी लिहा. आधार द्यायचा म्हणजे नक्की काय करायचं? मी करतेय तो आधार आहे की आणखी काही, मला आता कळेनासं झालंय.


मितभाषी

ताई, वाचून काही सुचत नाही. पण तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.


हृदयस्थ

शब्दसावली ताई, मी फिजिशियन आहे. तुमच्या नवऱ्याला तपासलेलं नाही, त्यामुळे डोस वगैरे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण काही गोष्टी स्पष्ट झाल्या तर तुमचं ओझं थोडं उतरेल असं वाटतं.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे एएफमध्ये, हृदयाचे वरचे कप्पे, अलिंदं, नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात. डाव्या अलिंदाला एक छोटी पिशवी असते. रक्त तिथे साचून राहतं आणि साचलेलं रक्त गोठतं. ती गुठळी सुटली की थेट मेंदूकडे जाऊ शकते. एएफ असलेल्यांत पक्षाघाताची शक्यता साधारण पाचपट असते, आणि अशा गुठळ्या मोठ्या असल्यामुळे मोठी रक्तवाहिनी बंद होते. आपण ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतो, पण ती रक्त पातळ करत नाही, गोठण्याची क्रिया मंद करते. या शब्दामुळेच थोडं रक्त दिसलं की लोक घाबरून ती बंद करतात. ॲपिक्साबॅनचं शरीरातलं प्रमाण साधारण १२ तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे दोन दिवसांत संरक्षण जवळजवळ संपतं.

आता त्या पट्टीबद्दल. गोळी दोन दिवस थांबवायला सांगताना ‘अमुक दिवशी परत सुरू करा, रक्त थांबलं नाही तर इथे फोन करा’ हे कागदावर लिहून मिळायला हवं होतं. ते मिळालं नाही. साध्या दाढेसाठी कित्येकदा ही गोळी पूर्ण थांबवावीही लागत नाही, एखादा डोस मागेपुढे केला तरी चालतं, पण तो निर्णय गोळी देणाऱ्या डॉक्टरला विचारून व्हायचा असतो. दोन डॉक्टरांच्या मधली ही फट आहे. तिचा सगळा भार डबी भरणाऱ्या बाईने एकटीने उचलायचा नसतो.

आणखी एक, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. गोळी चालू असताना पक्षाघात झाला असता, तर ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बहुधा देता आलं नसतं. गेल्या ४८ तासांत अशी गोळी घेतलेल्या रुग्णाला सहसा ते देत नाहीत. गोळी थांबल्याचं भलं झालं, असं मी म्हणत नाहीये. पण तुम्ही साडेचार तासांच्या मुदतीत पोचवलंत म्हणून ते इंजेक्शन मिळालं. ते अर्धा तास धरूनही.


शब्दसावली

डॉक्टर, हे दोनदा वाचलं. इंजेक्शनचं खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद.


पायवाट

माझ्या बायकोला तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. तिचंही एएफच, फक्त आधी माहीत नव्हतं. साधा ईसीजी नीट आला, २४ तास ठोके नोंदवणारं होल्टर नीट आलं. छातीच्या कातडीखाली छोटं यंत्र बसवलं आणि चौथ्या महिन्यात त्याने पकडलं. तोपर्यंत तिच्या आजाराला ‘कारण अज्ञात’ असं नाव होतं.

तिचा मेंदूचा उजवा भाग गेला, म्हणून बोलणं शाबूत राहिलं. मला सगळे म्हणायचे, नशीबवान आहात, बोलते तरी. पण तिच्यासाठी जगाची डावी बाजू उरलीच नव्हती. ताटातलं उजवीकडचं तेवढं खायची आणि अजून भूक आहे म्हणायची. केस उजवीकडचे विंचरायची, डावीकडचे तसेच. डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. मी आधी समजूत घालायचो, मग चिडायचो. हे डोळ्यांचं नाही, मेंदू त्या बाजूची दखलच घेत नाही, हे फिजिओने सांगितलं तेव्हा कळलं. नंतर मी मुद्दाम तिच्या डावीकडे बसायला लागलो. घड्याळ डावीकडे, फोन डावीकडे. चौकटीला लाल पट्टी चिकटवली. ‘लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळव’ एवढंच सांगायचो. वर्षभर सांगितलं.

माझ्या हातून झालेली एक चूक लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नाही. पहिल्या महिन्यात तिला पलंगावरून उठवताना मी लुळा हात धरून वर ओढायचो. लुळ्या बाजूच्या स्नायूंत ताकद नसते, नुसत्या वजनाने खांद्याचा सांधा खाली सरकतो. मी तो रोज ओढत होतो. चार महिने ती त्या खांद्याच्या दुखण्याने झोपली नाही. उठवताना हात पाठीमागून खांद्याच्या फऱ्याखाली घालायचा, नाहीतर कमरेच्या पट्ट्याला धरायचं. बसल्यावर हाताखाली उशी. हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवं.

आणि ताई, तुम्ही जेवलात का, झोपलात का, हे कोण विचारतं? सातव्या महिन्यात मी न्हाणीघरात खाली बसलो आणि उठवेना. हृदयाचं काही नव्हतं, नुसता थकलो होतो. त्यानंतर भावाला सांगितलं की रविवार तुझा. पहिल्या रविवारी मी बाहेर जाऊन नुसता बाकावर बसून आलो, पण त्या दिवसापासून गाडी रुळावर आली.


रानजाई

माझ्या सासऱ्यांनाही एएफ होतं. ते दोनदा पडले, म्हणून आम्ही त्यांची गोळी बंद केली. डोक्यात रक्तस्राव झाला तर कोण बघणार? त्याऐवजी रोज ॲस्पिरिन दिली. ताई, तुमचे मिस्टरही काठी घेऊन चालतात, पडायची भीती आहेच. विचार करा.


हृदयस्थ

रानजाई, तुमची भीती खरी आहे आणि ती बहुतेक घरांत असते. पण इथे मी स्पष्टच लिहितो, कारण वाचणाऱ्या कुणाची तरी गोळी यावरून बंद होऊ शकते. एएफमधली गुठळी टाळायला ॲस्पिरिन पुरी पडत नाही. २०११ साली ॲव्हेरोज नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ॲपिक्साबॅन घेणाऱ्यांना ॲस्पिरिन घेणाऱ्यांपेक्षा पक्षाघात निम्म्याहून कमी झाले, आणि मोठे रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. पडण्याबद्दल १९९९ साली वॉरफेरिन या जुन्या गोळीसंदर्भात एक गणित मांडलं गेलं होतं: वृद्ध माणूस वर्षातून सुमारे २९५ वेळा पडला, तरच पडून होणाऱ्या रक्तस्रावाचा धोका गोळीच्या फायद्यापेक्षा जास्त ठरेल. पडणं थांबवायचं ते न घसरणाऱ्या सपाता-चटया, रात्रीचा दिवा, न्हाणीघरातला दांडा यांनी. गोळी बंद करून नाही.

डोक्याला मार लागला, अगदी टेंगूळ आलं तरी, गोळीवर असलेल्या माणसाला रुग्णालयात न्यायचं. ‘बरा दिसतोय’ म्हणून घरी बसायचं नाही. काळी डांबरासारखी शौच झाली, लघवी लाल झाली, नाकातलं रक्त पंधरावीस मिनिटं दाबूनही थांबलं नाही, तर लगेच फोन. आणि अंग दुखतंय म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून देऊ नका. या गोळीबरोबर ती पोटातून रक्त आणतात.

डोस चुकला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायचा. पुढच्या डोसची वेळ झाली असेल तर एकच, दोन एकदम नाहीत.


रानजाई

ॲस्पिरिनचं मला खरोखर माहीत नव्हतं. सासरे आता नाहीत. नणंदेच्या यजमानांना एएफ आहे, तिला हे दाखवते.


झाडपाला

वॉरफेरिनचा उल्लेख झाला म्हणून विचारते. माझ्या नवऱ्याला हृदयाची झडप अरुंद आहे आणि एएफही. नवीन गोळी द्या म्हटलं तर डॉक्टर नाही म्हणाले, वॉरफेरिनच चालू आहे. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी. आम्हाला मागे ठेवतायत असं वाटतं.


हृदयस्थ

नाही, बरोबर करतायत. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) मध्यम किंवा जास्त अरुंद असेल, किंवा कृत्रिम धातूची झडप असेल, तर आजही वॉरफेरिनच. संधिवातज्वराने झडप खराब झालेल्या एएफ रुग्णांवर इन्व्हिक्टस नावाची मोठी चाचणी झाली, २०२२ साली तिचा निकाल आला. त्यात जुन्या पद्धतीच्या गोळ्याच रिव्हारॉक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा सरस ठरल्या. झडप अरुंद असेल तर आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये ठेवतात. धातूच्या झडपेला कधीकधी जास्त लागतो. पालेभाज्या बंद करू नका, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढ्याच ठेवा. एकदम वाढल्या किंवा बंद झाल्या की आकडा हलतो.


स्वरांकुर

शब्दसावली ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. तुम्ही पेल्याबद्दल लिहिलंत त्यावर लिहायला आले.

तुमच्या नवऱ्याला वाचाघात झालाय. त्यांची बुद्धी गेलेली नाही, विचार गेलेले नाहीत. विचारापासून शब्दापर्यंतची वाट तुटली आहे. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने एक रुग्ण पाहिला, ज्याला ‘टॅन’ एवढंच बोलता यायचं. समजायचं बरंच. पण कुणाला आपलं म्हणणं कळलं नाही की तो संतापायचा. त्याच्या मेंदूवरूनच डाव्या बाजूच्या त्या भागाला ब्रोकाचं नाव मिळालं. मला त्यातला संताप जास्त लक्षात राहिलाय. आतलं माणूस पूर्ण जागं असतं.

‘हो’ला ‘नाही’ येणं फार सामान्य आहे. एका कागदावर ठळक हिरव्यात ‘हो’ आणि लाल रंगात ‘नाही’ लिहा आणि बोट ठेवायला सांगा. तोंड चुकेल, बोट बहुतेक चुकणार नाही. प्रश्न एकेक विचारा. ‘बाहेर बसायचंय का की झोपायचंय आणि पंखा लावू का’ हे तीन प्रश्न झाले. मोठ्याने बोलू नका, कान बरे आहेत. टीव्ही बंद करा.

आणि थांबा. हे सगळ्यात कठीण आहे. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला ते दहा अंक फार लांब वाटतात, चारावरच आपण शब्द पुरवतो. त्या वेळी ते शब्दाच्या जवळ पोचलेले असतात आणि आपला शब्द येऊन त्यांचा शब्द पुसून टाकतो. ते मदत मागतील तेव्हा पहिलं अक्षर द्या, पूर्ण शब्द नको. कळलं नाही तर कळल्यासारखं दाखवू नका. ‘मला कळलं नाही, पण मला कळून घ्यायचंय’ असं म्हणा, आणि ते थकले असतील तर नंतर परत विचारा.

त्यांना अंक मोजून बघायला सांगा, वारांची नावं म्हणायला सांगा. ओळीने येणारे शब्द बऱ्याचदा सुटे शब्द यायच्या आधी येतात. एखादं तोंडपाठ गाणं असेल तर तुम्ही सुरू करा आणि मध्येच थांबा. ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही तो माणूस अख्खं कडवं गातो, हे मी कितीदा तरी पाहिलंय, आणि दर वेळी घरातल्यांचे डोळे भरून येतात. तेवढ्याने बोलणं परत येत नाही, पण लयीचा उपयोग करून छोटी वाक्यं बसवता येतात. थेरपिस्टला त्याबद्दल विचारा.

पाहुण्यांना दारातच सांगून ठेवा: प्रश्न त्यांनाच विचारा, त्यांच्याकडेच बघा आणि थांबा. तुम्ही त्या वेळी आत जाऊन बसलात तरी चालेल.

पातळ पाणी पिताना ठसका लागतो का, तेही कळवा. ठसका किंवा पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर होत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या. अन्न-पाणी फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. सरळ बसवूनच द्यायचं, आणि नंतरही अर्धा तास बसूनच.


डावखुरा_नवा

मी रुग्ण. नऊ वर्षं झाली. उजवा हात गेला. बोलणंही. आता डाव्या हाताने टाइप करतोय. वेळ लागतो. चुका असतील.

ताई तुम्ही विचारलं आधार की आणखी काही. मी आतून सांगतो.

बायको माझी बटणं लावायची. तिला दहा सेकंद. मला एक बटण चार मिनिटं. ती प्रेमाने करायची. मला वाटायचं मी संपलो. एक दिवस ती बाहेर गेली होती. मी सगळी लावली. एक घर चुकलं, शर्ट वाकडा. ती आली, बघितलं. काही सुधारलं नाही. तसाच वाकडा शर्ट घालून आम्ही बाहेर गेलो. नऊ वर्षांत मला तो दिवस सगळ्यात जास्त आठवतो.

रडू येतं. कारण नसताना. जाहिरात बघून रडायचो. हसायला यायचं तेही चुकीच्या वेळी. बायकोला वाटायचं दुःख आहे. प्रत्येक वेळी नसतं. मेंदूचा ब्रेक सैल होतो. तिने शेवटी विचारायला शिकलं, ‘मनातलं की नुसतंच?’ मी बोट दाखवायचो. नुसतंच असलं की ती विषय बदलायची. थांबायचं.

पण खरी उदासीही येते. मला आली. सहाव्या महिन्यात. खाणं बंद, फिजिओ नको, भिंतीकडे तोंड. औषध घेतलं. बरं वाटलं. लाज वाटायचं कारण नाही.

थकवा. लोकांना कळत नाही. तुम्ही झोपून उठता आणि भरता. मी झोपून उठतो आणि अर्धाच भरतो. दोन माणसं एकदम बोलली की सगळं संपतं. सकाळी बोलायचं महत्त्वाचं. संध्याकाळी नाही.

आणि ती रडत नव्हती. माझ्यासमोर कधीच नाही. मला वाटलं तिला काही वाटत नाही. दोन वर्षांनी कळलं ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची. मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी नवराच होतो ना.

आज थांबतो.


मितभाषी

डावखुरा, हे लिहायला तुम्हाला किती वेळ लागला असेल. दंडवत.


शब्दसावली

सगळ्यांना एकेकाला लिहायला हवं, पण आत्ता हात थरथरतोय. डावखुरा, मीही नळ सोडते.

डॉक्टर, दोन प्रश्न. ॲब्लेशन केलं की ही गोळी सुटते असं एकांनी सांगितलं. खरं का? आणि रात्री नाडी मोजते त्याचा काही उपयोग आहे का?


हृदयस्थ

ॲब्लेशनने, म्हणजे चुकार ठोके जिथून निघतात ती जागा नळी घालून निकामी करण्याने, लय सुधारू शकते. १९९८ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं की हे चुकार ठोके बऱ्याचदा फुफ्फुसातून हृदयाकडे येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगम पावतात, आणि तिथेच हा उपचार करतात. दम, धडधड कमी होते. पण गुठळीचा धोका मोजण्याची जी गुणांची पद्धत आहे, तिच्यात एकदा झालेल्या पक्षाघाताचे २ गुण कायम राहतात. तुमच्या नवऱ्याचे मधुमेह आणि रक्तदाब धरून ४ होतात. ॲब्लेशन झालं तरी अशा माणसाची गोळी सहसा चालूच ठेवतात. ज्यांना गोळी अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी अलिंदाची ती पिशवी बंद करण्याचं उपकरण असतं, तो वेगळा विषय.

रात्रीच्या नाडीबद्दल. ताई, एएफमध्ये नाडी अनियमितच लागणार. रात्रभर मोजून तुम्हाला नवीन काही कळणार नाही, आणि गुठळी बोटांना कळत नाही. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, पूर्ण एक मिनिट मोजा आणि वहीत लिहा. स्वस्थ बसलेले असताना सतत ११० च्या वर जात असेल किंवा एकदम फार कमी झाली, चक्कर आली, तर कळवा. रक्तदाब मोजताना तीन वेळा मोजून सरासरी लिहा, कारण अनियमित ठोक्यांत एकदाचा आकडा फसवा असतो. पुढचा पक्षाघात टाळायचा तर गोळीइतकंच मोल रक्तदाबाला आहे.

ते झोपेत मोठ्याने घोरतात का, मध्येच श्वास थांबतो का? तसं असेल तर झोपेची तपासणी करा. झोपेतला श्वासरोध आणि एएफ यांचा जवळचा संबंध आहे. रात्री जाग्या असताच, तर नाडीऐवजी हे ऐका, आणि मग झोपा.

पुन्हा तसं काही दिसलं तर: तोल, नजर, चेहरा, हात, बोली. यातलं काहीही अचानक बिघडलं की घड्याळ बघा आणि निघा. साखर तपासायची तर वाटेत. तोंडात काहीही घालायचं नाही. गोळीचा शेवटचा डोस कधी घेतला हे रुग्णालयात पहिलं सांगा.


पायवाट

गाडी चालवण्याबद्दल कुणी विचारलं नाही, मीच सांगतो. घाई करू नका. माझ्या बायकोला वाटायचं जमेल, पण डावीकडून येणारं काही तिला दिसतच नव्हतं. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय चावी द्यायची नाही.


शब्दसावली

सात आठवड्यांनी येतेय.

त्याला मी पट्टीबद्दल सांगितलं. तो समोर बसला होता, मी रडतच सांगितलं, नळ न सोडता. तो बराच वेळ काहीतरी शोधत होता. मी आतल्या आत मोजत होते, दहा, वीस, तीस. मग म्हणाला, ‘मी... मी... थांब... म्हटलं.’ ‘थांबू’ असं त्यानेच म्हटलं होतं, हे त्याला सांगायचं होतं. पहिल्यांदा त्याने मागचं काहीतरी सांगितलं, पुढ्यातलं सोडून.

घोरणं होतं. तपासणी झाली, श्वासरोध निघाला, आता रात्री मास्क लावतो. ठसका लागत नाही. फिजिओ आठवड्यातून तीनदा. चांगला हात थोडा वेळ मोज्यात बांधून उजव्याच हाताने कामं करायला लावतात. माझी धाकटी बहीण बुधवारी येते, तेव्हा मी बाहेर पडते.

पाहुण्यांचं तसंच केलं. परवा त्याचा जुना मित्र आला, मी आत जाऊन बसले. पाऊण तासात बाहेरून मला मोजून सहा शब्द ऐकू आले, आणि दोनदा दोघांचं हसणं.

डबी आता तो भरतो. पहिल्या दिवशी पस्तीस मिनिटं लागली. उजव्या हाताने डबी दाबून धरायची, डाव्याने गोळी काढायची. एक गोळी घरंगळत कपाटाखाली गेली. मी उठले नाही, दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. त्याने काठीने ओढून काढली, निरखून पाहिली, टाकून दिली आणि पट्टीतून दुसरी काढली. भरून झाल्यावर मी एकदा तपासते, तेवढं आमचं ठरलंय.

रात्रीच्या गोळीबद्दल मी रोज विचारायचे, ‘घेतलीस ना?’ त्याला त्याचा त्रास व्हायचा, हो-नाहीचा घोटाळा व्हायचा आणि मग दोघंही वैतागायचो. आता तो गोळी घेतली की त्या वाराच्या खणाचं झाकण उघडं ठेवतो. मी दिवा मालवायला जाते तेव्हा मला ते दिसतं.